वेग मिळाला, पत्ता नाही

पश्चिम द्रुतगती महामार्गालगतच्या दिंडोशीत म्हाडाच्या वसाहती, नागरी निवारा परिषदेच्या इमारती आणि त्यांच्या शेजारी उभे राहिलेले टॉवर यांत आता फायबरची जोडणी पोहोचली आहे. शंभर मेगाबिटचा वेग ही चैन राहिलेली नाही. तरीही संध्याकाळी मित्राबरोबर गेम खेळू पाहणाऱ्या मुलाच्या पडद्यावर अनेकदा ‘जोडणी होऊ शकली नाही’ एवढेच उमटते. वडील वेग तपासतात, तो पुरेपूर भरतो. तक्रार केली तर ‘आमच्या बाजूने सर्व व्यवस्थित आहे’ असे उत्तर मिळते. हे उत्तर खोटे नसते, पण अपुरे असते. वरवर हा पोरखेळ वाटेल. प्रत्यक्षात ग्राहक पैसे मोजून नेमके काय विकत घेतो, हा प्रश्न त्यामागे आहे.

सर्व ऑनलाइन गेम एकाच पद्धतीने चालत नाहीत. काहींत प्रत्येक खेळाडू कंपनीच्या सर्व्हरशी जोडला जातो. ‘टेकन’सारखे द्वंद्वाचे खेळ किंवा ‘जीटीए ऑनलाइन’ यांत मात्र खेळाडूंची यंत्रे थेट एकमेकांशी बोलतात. म्हणजे एका घरातून दुसऱ्या घरात शिरण्याची वाट मोकळी हवी. अडचण नेमकी तेथे आहे.

मोठ्या गृहसंकुलात इमारतीच्या दाराशी एक पहारेकरी असतो आणि मुख्य फाटकावर दुसरा. आतला माणूस बाहेर गेला की त्याची नोंद होते आणि त्याने मागवलेली वस्तू आत येऊ दिली जाते. न बोलावता आलेला पाहुणा परत पाठवला जातो. घरचा राऊटर हा इमारतीचा पहारेकरी. संकेतस्थळ पाहणे वा चित्रपट पाहणे म्हणजे मागवलेली वस्तू; ती सहज येते. मित्राचा गेम मात्र न बोलावता आलेला पाहुणा ठरतो. म्हणून गेमचा सर्व्हर दोघांनाही एकाच वेळी बाहेर पाऊल टाकायला सांगतो आणि त्यांची गाठ घालून देतो. दोन्हीकडचे पहारेकरी कडक असले की हा प्रयत्न फसतो. मग गेम एक तर नकार देतो, किंवा तिसऱ्या सर्व्हरमार्फत संदेश फिरवतो. तो सर्व्हर सिंगापुरात असेल, तर शेजारच्या इमारतीतल्या मित्राकडे जाणारा संदेश सुमारे चार हजार किलोमीटर जाऊन तेवढेच अंतर परत येतो.

मुख्य फाटकावरचा दुसरा पहारेकरी का आला, याचे उत्तर टंचाईत आहे. इंटरनेटची १९८१ साली ठरलेली पत्तापद्धती सुमारे ४२९ कोटी पत्तेच देऊ शकते. त्यांतील शेवटचे मोठे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी जगातील विभागीय संस्थांना वाटले गेले आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये आशिया-प्रशांत विभागात रेशनिंग सुरू झाले. १४० कोटींच्या देशात हे पत्ते पुरणे अशक्यच होते. तेव्हा अनेक सेवा कंपन्यांनी एका सार्वजनिक पत्त्यामागे असंख्य ग्राहक बसवले. या व्यवस्थेसाठी २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होणारे पत्ते राखून ठेवण्यात आले.

त्यामुळे दोष शोधण्याचा क्रम महत्त्वाचा. खेळ सुरू होतो पण अडखळतो, तर आधी वायफाय सोडून तारेने जोडून पाहावे. दाट वस्तीत शेजाऱ्यांच्या वायफायची गर्दी हे नेहमीचे कारण असते. खेळ जोडलाच जात नसेल, तर घरात दोन राऊटर एकामागे एक लागले आहेत का, हे पाहावे. कंपनीचे यंत्र आणि स्वतः आणलेला राऊटर अशी जोडी असल्यास एकाला ‘ब्रिज मोड’वर ठेवावे. नंतर राऊटरमधील ‘यूपीएनपी’ सुरू करावे किंवा गेमला लागणारे तेवढेच पोर्ट उघडावेत. सरसकट सगळे पोर्ट उघडण्याचा सल्ला ऐकू नये, कारण त्या वाटेने नको ते पाहुणेही येतात. अखेरीस राऊटरच्या पानावरील बाहेरचा पत्ता आणि एखाद्या संकेतस्थळाला दिसणारा पत्ता ताडून पाहावा. दोन्ही वेगळे असतील आणि पहिला वरील राखीव आकड्यांतला असेल, तर मुख्य फाटक कंपनीच्या ताब्यात आहे. घरातल्या राऊटरवर कितीही खटपट केली, तरी ते त्याने उघडणार नाही.

मग उरतात दोन मार्ग. पहिला, कंपनीकडून सार्वजनिक पत्ता घेणे. त्यासाठी बहुधा वेगळे पैसे पडतात. दुसरा, ‘आयपीव्ही ६’ ही नवी पत्तापद्धती. तीत प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता मिळू शकतो. मोबाइल जाळ्यांमुळे भारत तिच्या वापरात जगातील आघाडीच्या देशांत आहे. दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२१ मध्ये ठरवलेल्या वेळापत्रकानुसार ३१ डिसेंबर २०२२ नंतरची प्रत्येक नवी घरगुती तारजोडणी या पद्धतीची वाहतूक करू शकणारी असावी. मात्र राऊटरमध्ये ती सुरू नसेल, किंवा खुद्द गेम तिला ओळखत नसेल, तर उपयोग शून्य.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने ई-स्पोर्ट्सला क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत आणले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैशाच्या खेळांवर बंदी घालून ई-स्पोर्ट्सला प्रोत्साहन देण्याची भूमिका घेतली. खेळाला मान्यता मिळाली, पण सरावाचे मैदान असलेल्या घरगुती जोडणीचा विचार झाला नाही. ब्रॉडबँडची सरकारी व्याख्या २००४ मध्ये २५६ किलोबिट होती, जानेवारी २०२३ मध्ये ती २ मेगाबिट झाली. दोन्ही वेळा मोजला गेला तो फक्त माहिती उतरवण्याचा वेग. आपल्या घरापर्यंत बाहेरून कोणी पोहोचू शकेल की नाही, याचा तीत उल्लेख नाही.

पत्त्यांची टंचाई कंपन्यांनी निर्माण केलेली नाही, हे खरे. परंतु सामायिक पत्ता दिला जात असेल, तर योजनेच्या जाहिरातीत वेगाच्या शेजारी ते स्पष्ट लिहिणे अवघड नाही. घरचा सुरक्षा कॅमेरा बाहेरून थेट पाहू इच्छिणारे किंवा घरातल्या संगणकावरची फाइल कार्यालयातून उघडू पाहणारेही याच फाटकाशी अडतात. गेम खेळणाऱ्या मुलाला ही अडचण सर्वांत आधी दिसली, इतकेच.