चौसष्टाव्या मिनिटाला काय झालं

१८ डिसेंबर २०२२. कतारमधलं लुसैल स्टेडियम, विश्वचषकाचा अंतिम सामना. ६४व्या मिनिटाला अर्जेंटिनाचा प्रशिक्षक लिओनेल स्कालोनी याने अँजेल डी मारियाला बाहेर बोलावलं आणि त्याच्या जागी मार्कोस अकुन्या आत गेला. अर्जेंटिना तेव्हा २-० ने पुढे होता. या सामन्याच्या दहा मिनिटांच्या, पाच मिनिटांच्या, दोन मिनिटांच्या चित्रफिती आज कुणाच्याही मोबाइलवर मिळतात. मी पाहिलेल्या एकाही चित्रफितीत हा बदल नाही. गोल नाही, अडवलेला फटका नाही, म्हणून तो कापला गेला. माझ्या मते सामना तिथे फिरला.

डी मारिया एरवी उजवीकडून खेळणारा. त्या दिवशी स्कालोनीने त्याला डावीकडे लावलं आणि सुरुवातीपासूनच फ्रान्सची उजवी बाजू उसवत गेली. २३व्या मिनिटाची पेनल्टी त्याला पाडल्यामुळे मिळाली. ३६व्या मिनिटाचा गोल त्याचाच. मेस्सी, आल्व्हारेझ, मॅक अलिस्टर असा चेंडू फिरत आला आणि त्याने तो जाळ्यात टाकला. पूर्वार्धात फ्रान्सला एकही फटका मारता आला नाही. ४१व्या मिनिटालाच फ्रान्सचे प्रशिक्षक डेशाँ यांनी जिरू आणि डेम्बेले या दोघांना बाहेर काढलं. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात मध्यंतराची वाटही न पाहता दोन खेळाडू बदलावे लागतात, यावरून फ्रान्स किती घुसमटला होता ते कळतं. डी मारिया गेला आणि त्या बाजूला श्वास मिळाला. ७१व्या मिनिटाला कोमान आणि कामाव्हिंगा मैदानात आले. ८०व्या मिनिटाला एम्बापेची पेनल्टी. पुढच्याच मिनिटाला कोमानने मेस्सीच्या पायातला चेंडू हिसकावला आणि त्यातून एम्बापेचा दुसरा गोल झाला. दोन गोलांमध्ये दोन मिनिटांचंही अंतर नव्हतं.

ज्याने फक्त गोल पाहिले, त्याच्यासाठी एम्बापे आभाळातून पडला. ज्याने सामना पाहिला, त्याला मधल्या सोळा मिनिटांत अर्जेंटिनाच्या पायांतलं बळ कमी होताना दिसलं. त्या रात्री आमच्या पेठेत चौकात पडदा लावला होता. डी मारिया बाहेर निघाला तेव्हा माझ्या शेजारचे एक म्हातारे काका, पूर्वी तालमीकडून खेळलेले, मोठ्याने म्हणाले, “आरं, ह्येला का काढला?” कोल्हापूरला फुटबॉल कळतो तो असा.

आमच्या शाहू स्टेडियमवर रीप्ले नसतो. पाटाकडील आणि दिलबहारची मॅच असो की शिवाजी तरुण आणि प्रॅक्टिसची, जे झालं ते तुम्ही पाहिलं तर पाहिलं. त्यामुळे लोक सतत बघतात. थ्रो-इन कुणी घेतला, बचावपटू चेंडूविना कुठे धावला, गोली पुढे किती आला, यावर पायऱ्यांवर वाद चालतो. मूळच्या कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले, पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. अनिकेत जाधवसारखा मुलगा याच गावातून २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. मॅच टायब्रेकरवर गेली की कुणी जागचं हलत नाही. मग स्टेडियमबाहेर चहाच्या गाड्यावर ती पुन्हा खेळली जाते, पहिल्या मिनिटापासून. हुल्लडबाजीही इथे होते आणि तिचा मला मनापासून राग आहे. पण पायऱ्यांवरचे कितीतरी जण खेळ पुरता बघणारे आहेत, हे मी खात्रीने सांगतो.

संगीताबद्दलही माझं म्हणणं हेच आहे, ते सलग ऐकावं. तरुणपणी मी महाद्वार रोडवरच्या एका कॅसेटच्या दुकानात काउंटरवर होतो. तिथे मला ‘कॉल ऑफ द व्हॅली’ भेटली. १९६७ची एचएमव्हीची ध्वनिमुद्रिका. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काब्रा, तबल्यावर माणिकराव पोपटकर. संतूर, बासरी, गिटार वाजवणारे तिघेही तेव्हा तिशीच्या आसपासचे. त्यांच्यामागे उभे राहिले एचएमव्हीचे जी. एन. जोशी, तेच आपले भावगीतगायक. काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस, अशी त्या मुद्रिकेची बांधणी आहे. सुरुवातीला अहीर भैरव आणि नट भैरव, मग पिलू, मग भूप, मग देस, शेवटी पहाडी. रागांच्या वेळा ज्यांच्या कानात आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. पहाटेचा राग पहाटे येतो, रात्रीचा रात्री. बासरी आणि संतूर आधी एकमेकांचा अंदाज घेतात. गिटार त्यांच्यात कधी मिसळला ते लक्षातही येत नाही. पिलूत दुपारचा आळस आहे आणि तो ऐकल्याशिवाय भूपाचा मोकळेपणा तितका मोकळा वाटत नाही. ही मुद्रिका कितीही वेळा ऐकली तरी देस सुरू झाला की मला दिवस मावळल्यासारखं होतं. आधीचा सगळा दिवस गेलेला असतो, म्हणून.

माझ्या मोबाइलवरच्या ॲपने मला आधी देस ऐकवला, मग दुसऱ्याच कुणाचा यमन, मग अहीर भैरव. मेंढपाळ रात्री निघाला आणि पहाटे हरवला. पडद्यावर पोपटकरांचं नाव कुठेच नव्हतं. ज्या तबल्याने तो दिवस पुढे नेला त्याचं नावसुद्धा ऐकणाऱ्याला कळू नये, याचं मला वाईट वाटतं.

‘शिवकल्याण राजा’चं काय झालं तेही बघा. शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली त्या १९७४ साली हृदयनाथ आणि लता मंगेशकरांनी ही ध्वनिमुद्रिका केली. भूषण, रामदास, सावरकर, कुसुमाग्रज अशा वेगवेगळ्या शतकांतल्या कवींचे शब्द तिथे एकत्र आले आणि त्यांना जोडणारं निवेदन होतं बाबासाहेब पुरंदऱ्यांचं. त्या निवेदनामुळे एक गाणं दुसऱ्याकडे जातं, ऐकणारा इतिहासात पुढे सरकतो. आज शिवजयंतीला मांडवांतून त्यातली दोन-तीन गाणी वाजतात, निवेदन नसतंच. माझ्या भाच्याला त्यातली सगळी गाणी पाठ आहेत, पण ती एका मुद्रिकेतली आहेत हे त्याला माहीत नव्हतं.

यावर कुणी म्हणेल, लोकांना वेळ कुठे आहे? खरं आहे. शिरोलीच्या एमआयडीसीत रात्रपाळी करून आलेल्या माणसाने सकाळी चहाबरोबर दोन मिनिटांत गोल पाहून घेतले तर त्याला मी बोल लावणार नाही. निवडून ऐकणंही आजचं नाही. आमच्या दुकानात लोक कोरी कॅसेट घेऊन यायचे, वहीच्या पानावर गाण्यांची यादी असायची, ‘एवढी भरून द्या’ म्हणायचे. पण ती यादी माणसाने केलेली असायची. ए साइडला शेवटचं गाणं कोणतं ठेवायचं, यावर गिऱ्हाईक काउंटरवर विचार करत उभं राहायचं. कुणी लेकीच्या पाठवणीसाठी, कुणी मुंबईला नोकरीला निघालेल्या भावासाठी क्रम लावायचं. त्यामागे कुणाचा तरी कान होता, कुणासाठी तरी होता. आज क्रम यंत्र लावतं आणि आपण ते मुकाट्याने चालवून घेतो. सगळे अल्बम सलग ऐकण्याच्या लायकीचे असतात असंही मी म्हणत नाही. दोन गाणी चांगली आणि बाकी भरताड असलेल्या फिल्मी कॅसेटी मी खोक्यांनी विकल्या आहेत. सगळे सामनेही मोठे नसतात. पण जो मोठा आहे त्याचे तुकडे करू नयेत.

फुटबॉलचं एक मोठं भाग्य म्हणजे पंचेचाळीस मिनिटं सलग खेळ. क्रिकेटसारखी दर षटकानंतर जाहिरात नाही. २०२६च्या विश्वचषकासाठी फिफाने प्रत्येक सत्रात साधारण बाविसाव्या मिनिटाला तीन मिनिटांचा पाण्याचा थांबा जाहीर केला, तोही हवामान कसंही असलं तरी सगळ्या सामन्यांना. भर उन्हात खेळाडूंना पाणी मिळालंच पाहिजे, त्यावर दुमत नाही. पण थंड हवेत, छताखाली तोच थांबा कशाला? चढाई करून करून समोरच्याला दमवत आणलेल्या संघाची लय तिथे तुटते आणि प्रतिस्पर्ध्याला फुकटची उसंत मिळते. सलग खेळात काय दिसतं ते बघा. १९८२च्या विश्वचषकात, ५ जुलैला बार्सिलोनात ब्राझीलला इटलीविरुद्ध बरोबरी पुरेशी होती. ६८व्या मिनिटाला फाल्काओने २-२ केले. त्यानंतरही ब्राझील मागे सरकला नाही, पुढेच येत राहिला, आणि ७४व्या मिनिटाला पाओलो रॉसीने तिसरा गोल करून त्यांना घरी पाठवलं. ती सहा मिनिटं सलग पाहिल्याशिवाय त्या संघावर जगाने एवढं प्रेम का केलं हे समजत नाही.

आग्रह धरला तर बदल होतात. २०२१च्या नोव्हेंबरमध्ये अडेल या गायिकेने तिचा नवा अल्बम आला तेव्हा गाणी क्रमानेच वाजावीत असा आग्रह धरला आणि स्पॉटिफायने अल्बमच्या पानावरचं आपोआप उलटसुलट वाजवणारं मुख्य बटण बदललं. एका गायिकेच्या शब्दावर जे झालं ते मराठी श्रोत्यांच्या मागणीवर का होऊ नये? ज्या कंपन्यांकडे जुन्या मराठी आणि शास्त्रीय मुद्रिकांचे हक्क आहेत, त्यांनी त्या मूळ क्रमाने, निवेदनासह, साथीदारांच्या नावांसह आणि पाठीमागच्या मजकुरासह उपलब्ध कराव्यात. क्रीडावाहिन्यांनी सुट्टीच्या दुपारी जुने मोठे सामने पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत दाखवावेत. आणि आमच्या शाहू स्टेडियमवरच्या मॅचचं चित्रण जे कुणी करतात, त्यांनी पूर्ण मॅच जपून ठेवाव्यात. पन्नास वर्षांनी एखाद्या पोराला आपला आजा कसा खेळायचा हे बघावंसं वाटलं, तर त्याला आजाचे गोल दिसावेत आणि चेंडू पायात नसताना तो कुठे धावत होता तेही दिसावं.