परभणीचा फूट
मी मुंबईच्या गोदीत माल उतरवतो. १ जानेवारी २०२२पासून इथल्या महापालिका हद्दीत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या राहत्या घरांची घरपट्टी माफ झाली. चाळकऱ्यांचं बरं झालं. पण कुलाब्यात तेवढ्याच फुटांच्या ब्लॉकला कोटींचा भाव, त्यालाही माफी! माझ्या भाड्याच्या खोपटाला पट्टीच नाही, मग माफी कसली. भाडं तेवढं चढतंय. आणि परभणी जिल्ह्यात, गंगाखेडकडं मायचं पत्र्याचं घर? दोनशे फूट भरत नाही. तरी ग्रामपंचायतीची पावती दरसाल. माय उसनवारी करून भरते. नमुना आठवरचं नाव पुसलं तर गावकुसाबाहेरची तेवढी जागाही जाईल, ही तिची धास्ती. माफी फुटानं मोजता ना? मग परभणीचा फूट तोकडा कसा?