विजया मेहता : तालमीतून उभे राहिलेले नाटक

विजया मेहता यांचा जन्म 4 नोव्हेंबर 1934 रोजी बडोद्यात झाला. माहेरचे आडनाव जयवंत. मुंबईत शिकत असताना त्यांना इब्राहिम अल्काझी आणि आदी मर्झबान असे दोन गुरू लाभले. अल्काझींकडे त्या नाटक अभ्यासाचा विषय म्हणून शिकल्या: संहितेचे वाचन, रंगमंचाच्या अवकाशाची जाण, नटाच्या शरीराची तयारी. मर्झबान पारशी-गुजराती रंगभूमीवरचे मातब्बर दिग्दर्शक, त्यामुळे प्रेक्षकाला धरून ठेवण्याचे कसब तिथे जवळून पाहायला मिळाले. पुढची पन्नासेक वर्षे हे दोन्ही संस्कार त्यांच्या कामात एकत्र नांदले. विजयाबाई एरवी प्रायोगिक नाटकाच्या अध्वर्यू म्हणून ओळखल्या जातात. ती ओळख खरी असली तरी अपुरी आहे. प्रायोगिक नाटकात कमावलेली शिस्त त्यांनी व्यावसायिक रंगभूमीवर नेली आणि तिथेही सौम्य केली नाही, हे त्यांचे अधिक मोठे काम.

1960 मध्ये विजयाबाईंच्या पुढाकाराने ‘रंगायन’ ही नाट्यसंस्था सुरू झाली. विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे, माधव वाटवे अशी माणसे तिच्याशी जोडली गेली. सभासदांच्या वर्गणीवर चालणारी ही संस्था तिकीटबारीच्या चिंतेतून बऱ्याच अंशी मोकळी होती, म्हणूनच आयनेस्कोच्या नाटकाचे मराठी रूप ‘खुर्च्या’ तिला करता आले. तेंडुलकरांचे ‘मी जिंकलो! मी हरलो!’ आणि चिं. त्र्यं. खानोलकरांचे ‘एक शून्य बाजीराव’ याच काळातले. ‘बाजीराव’मध्ये खानोलकरांची भाषा कवितेच्या अंगाने जाते आणि घाट जुन्या मराठी रंगभूमीच्या खुणा अंगावर वागवतो. असे नाटक कागदावर वाचून कळत नाही. ते उभे करून पाहावे लागते, आणि ते उभे करण्याची तयारी त्या वेळी ‘रंगायन’मध्ये होती.

‘मी जिंकलो! मी हरलो!’शी एक सुंदर योगायोग जोडलेला आहे. नागपुरात सिनेमाचे तिकीट न मिळाल्याने एक तरुण या नाटकाच्या प्रयोगाला जाऊन बसला आणि नाटककार व्हायचे ठरवून बाहेर पडला. तो तरुण म्हणजे महेश एलकुंचवार. पुढे त्यांची ‘सुलतान’ ही एकांकिका वाचून विजयाबाईंनी ती स्वतः बसवली. 1985 मध्ये ‘वाडा चिरेबंदी’चे दिग्दर्शनही त्यांनीच केले. एखाद्या प्रयोगाने भाषेला नाटककार द्यावा, यापरते त्या प्रयोगाचे यश कोणते?

सत्तरीच्या दशकाच्या आरंभी ‘रंगायन’ फुटली. देशपांडे दांपत्याने 1971 मध्ये ‘आविष्कार’ काढली आणि विजयाबाई मुख्य धारेतल्या नाट्यसंस्थांकडे वळल्या. याला तडजोड म्हणणारेही होते. प्रत्यक्ष नाटके पाहिली तर तो आक्षेप टिकत नाही. जयवंत दळवींचे ‘संध्याछाया’ घ्या. मुले दूर गेलेले एक वृद्ध जोडपे घरात वाट पाहत बसले आहे, एवढाच त्यातला ऐवज. विजयाबाई तेव्हा चाळिशीच्या आसपासच्या. त्यांनी आणि माधव वाटवे यांनी ती दोन म्हातारी माणसे साकारली ती बारीकसारीक हालचालींतून आणि लांबलेल्या शांततेतून. या विषयावर हुकमी रडू आणणे सोपे होते. दिग्दर्शिकेने तो मोह टाळला, म्हणून नाटक इतके खोल गेले.

दळवींच्याच ‘बॅरिस्टर’मध्ये विक्रम गोखले यांचा बॅरिस्टर आणि सुहास जोशींची राधा होती, तर मावशी स्वतः बाईंची. ‘पुरुष’मध्ये नाना पाटेकरांचा गुलाबराव समोर आला. अनिल बर्वे यांच्या ‘हमीदाबाईची कोठी’त त्या स्वतः हमीदाबाई होत्या आणि सोबत नीना कुळकर्णी, अशोक सराफ, नाना पाटेकर. ही नावे पुढे किती मोठी झाली हे वेगळे सांगायला नको. त्यांच्यातले अनेकजण आपल्या घडणीचे श्रेय बाईंच्या तालमींना देत आले आहेत. संवाद पाठ करून उभे राहणे त्या तालमीत पुरत नसे. पात्र कुठल्या घरातून येते, कसे बसते, कशाला घाबरते, हे नटाने आधी शोधायचे आणि मगच हालचाली ठरायच्या. नट आणि दिग्दर्शक या दोन्ही भूमिका त्यांनी एकाच वेळी निभावल्या, त्यामुळे नट कुठे अडतो हे त्यांना आतून ठाऊक असे.

याच वर्षांत जर्मनीचे दालन उघडले. वायमारच्या राष्ट्रीय नाट्यगृहाचे दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ यांच्याबरोबर त्यांनी ब्रेख्तच्या ‘कॉकेशियन चॉक सर्कल’चे खानोलकरकृत मराठी रूप ‘अजब न्याय वर्तुळाचा’ केले. त्यात ब्रेख्तची कथनशैली मराठी लोकनाट्याच्या वाटेने आली आणि ती उपरी वाटली नाही. पुढे पूर्व जर्मनीतल्या नटांना घेऊन त्यांनी ‘मुद्राराक्षस’, ‘शाकुंतल’ आणि गिरीश कार्नाडांचे ‘हयवदन’ बसवले. संस्कृत नाटक परक्या भाषेत परक्या नटांकडून करून घेताना शोभेच्या भारतीयपणावर भागत नाही, त्या नाटकाची रचनाच पक्की कळावी लागते.

पडद्यावरचे काम संख्येने थोडे, पण वजनदार. श्याम बेनेगल यांच्या ‘कलयुग’मध्ये महाभारताची कथा उद्योगपतींच्या घराण्यात येते. तिथली सावित्री, म्हणजे आजची कुंती, त्यांनी केली. गोविंद निहलानींचा ‘पार्टी’ (1984) एलकुंचवारांच्या नाटकावर बेतलेला. त्यातली यजमानीण दमयंती राणे ही भूमिका हिंदी चित्रपटातल्या सर्वांत नेमक्या भूमिकांपैकी एक मानायला हवी. पाहुण्यांकडे हसून पाहणाऱ्या त्या बाईचा एकाकीपणा कुठेही शब्दांत येत नाही, तरी चित्रपटभर जाणवत राहतो.

‘बॅरिस्टर’वरून त्यांनी ‘रावसाहेब’ हा हिंदी चित्रपट दिग्दर्शित केला. अनुपम खेर, तन्वी आझमी आणि निळू फुले यांच्यासोबत मावशी पुन्हा त्यांनीच रंगवली आणि सहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. रंगमंचावर शेवटच्या रांगेपर्यंत पोचवलेली तीच भूमिका कॅमेऱ्यासमोर किती कमी करायची, याचा हा वस्तुपाठ आहे. पारशी जीवनावरच्या ‘पेस्तनजी’ला (1988) सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. त्याआधी लक्ष्मीबाई टिळकांच्या आत्मचरित्रावरची ‘स्मृतिचित्रे’ ही दूरचित्रवाणी-फिल्म त्यांनी सुहास जोशींना घेऊन केली होती. ‘लाइफलाइन’ ही रुग्णालयातल्या जीवनावरची मालिका नंतरची.

संगीत नाटक अकादमीचा दिग्दर्शनाचा पुरस्कार 1975 मध्ये आणि पद्मश्री 1987 मध्ये मिळाली. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले, आणि मुंबईच्या एनसीपीए या कलासंस्थेचा कारभारही अनेक वर्षे पाहिला.

2012 मध्ये राजहंस प्रकाशनाने त्यांचे ‘झिम्मा’ हे आत्मकथन काढले. नाटक कसे बसते, संहिता वाचल्यापासून पहिल्या प्रयोगापर्यंत काय काय घडते, याचे इतके तपशीलवार वर्णन मराठीत क्वचितच सापडते. नाटक बसवू पाहणाऱ्या प्रत्येक तरुणाने ते पहिल्या तालमीआधी वाचावे.