म्यूट करून बघा

'देअर विल बी ब्लड' (2007) फोनवर लावा आणि पहिलं मिनिट म्यूट करून बघा. उघड्याबोडक्या टेकड्या दिसतील, बस्स. आता आवाज चालू करा. तंतुवाद्यांचे सूर घसरत, किंचाळत एका स्वराकडे सरकतात आणि त्याच टेकड्या अंगावर येतात. साल 1898, खड्ड्यात एक माणूस चांदीसाठी खणतोय. जवळपास 15 मिनिटं संवाद नाहीत. या माणसाची भीती वाटायला हवी, हे आपल्याला आधी जॉनी ग्रीनवूडचं संगीत सांगतं.

आणि ऑस्करनं ते स्पर्धेतच घेतलं नाही! का, तर सिनेमात आधीच रचलेलं संगीत फार होतं. ब्राह्म्स, पेर्ट आणि ग्रीनवूडची स्वतःचीच जुनी रचना, 'पॉपकॉर्न सुपरहेट रिसीव्हर'. उसन्या सुरांना बक्षीस नको, हे समजू शकतो. पण स्वतःचेच सूर उसने कसे? मी रोज माझा जुना कोड नव्या प्रोजेक्टमध्ये घालतो. तो कधी लिहिला हे कुणी विचारत नाही, चालतो का एवढंच बघतात. इथे तर तो असा चालला की रिकामं माळरान धमकी देऊ लागलं.

छायाचित्रणाला मात्र त्या वर्षीचं ऑस्कर मिळालं. म्हणजे तुम्ही म्यूटवर पाहिलंत, त्याला.