जोत्यावर अडलेली घरे

नागपूरच्या कुठल्याही जुन्या वस्तीत शिरा. दोन पक्क्या घरांच्या मधे एखादे अर्धवट घर दिसते. भिंती लिंटलपर्यंत आलेल्या, वर सळया निघालेल्या, आणि सळयांना गंज लागू नये म्हणून त्यांच्या टोकांना सिमेंटची रिकामी पोती बांधलेली. त्याच भिंतींवर टिन टाकून, टिनावर दगड ठेवून आत संसार चाललेला असतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा दुपारी त्या टिनाखाली लहान मूल झोपवता येत नाही. बाई त्याला घेऊन शेजारच्या स्लॅबच्या घरात जाऊन बसते. घर सरकारी अनुदानाचे आहे आणि कागदावर नाव तिचेच आहे.

पंतप्रधान आवास योजनेचा शहरी भाग २५ जून २०१५ रोजी सुरू झाला. घर कुटुंबातल्या स्त्रीच्या नावावर किंवा पती-पत्नीच्या संयुक्त नावावर असावे, घरात सज्ञान स्त्री नसेल तरच ते पुरुषाच्या एकट्याच्या नावावर व्हावे, असा तिचा नियम आहे. या योजनेतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच, असे आम्ही मानतो. दारू पिऊन आलेल्या नवऱ्याने घराबाहेर काढलेल्या बाईला या कागदाची किंमत कुणी सांगावी लागत नाही.

पण त्या कागदामागे पैसा किती? स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, असे अडीच लाख. सप्टेंबर २०२४ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा आला, तरी महाराष्ट्रात या घटकाचा आकडा अडीच लाखांवरच राहिला. २०२५ मध्ये राज्याने ग्रामीण घरकुलाचे अनुदान ५० हजारांनी वाढवले, ते योग्यच केले. रेती, लोखंड आणि मिस्त्रीची मजुरी मात्र शहरातही वाढली आहे.

आकड्यापेक्षाही घातक आहे ती पैसे मिळण्याची रीत. अनुदान टप्प्याटप्प्याने येते. जोते झाले, भिंती चढल्या, स्लॅब पडला की प्रत्येक टप्प्याचा फोटो जागेच्या नोंदीसह चढवायचा, तो मंजूर झाला की हप्ता. म्हणजे आधी बांधायचे आणि मग पैसे. जुनी झोपडी पाडल्या दिवसापासून भाड्याची खोली घ्यावी लागते, घरमालकाला आगाऊ रक्कम द्यावी लागते, गिट्टीच्या ट्रॉलीचे पैसे रोख मोजावे लागतात. चार घरची धुणीभांडी करणारी बाई ते कुठून आणणार? ती मंगळसूत्र गहाण ठेवते, नाहीतर फायनान्सवाल्यांच्या गटात सही करते. हे गट बायकांचेच असतात. घर तिच्या नावावर, म्हणून कर्जही तिच्या नावावर. सरकारी हप्ता लांबला की मिस्त्री दुसऱ्या कामावर निघून जातो. फायनान्सचा हप्ता मात्र ठरल्या दिवशी दारात उभा असतो. बाईला आधार देण्यासाठी आखलेली योजना तिला कर्जात लोटते आहे. धोक्याची घंटा वाजवायची ती यासाठी.

तिने विचारायला जायचे तरी कुणाकडे? महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ शहराला नगरसेवकच नव्हते. फाइल कुठल्या टेबलावर आहे हे शोधण्यात रोजी बुडते, आणि दोन खाडे झाले की कामही जाते.

हे झाले अनुदान मंजूर झालेल्यांचे. ज्यांच्याकडे जमिनीचा पट्टा नाही त्या या रांगेतच नाहीत. नागपुरात एक वस्ती नझूलच्या जागेवर, दुसरी सुधार प्रन्यासच्या, तिसरी रेल्वेच्या, चौथी खासगी मालकाच्या, आणि पट्टा देण्याची वाट प्रत्येकीची वेगळी. त्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ च्या निकालात झुडपी जंगलाच्या जमिनी वनजमिनीच ठरवल्या, त्यामुळे पूर्व विदर्भात अशा जागांवर राहणाऱ्यांचा प्रश्न अधिक नाजूक झाला आहे. महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने तरोडीसारख्या ठिकाणी घरे बांधली खरी. पण धरमपेठेत सकाळी सातला पोळ्या करायला पोचणाऱ्या बाईसाठी शहराच्या पार पूर्वेकडचे घर म्हणजे निम्मी मजुरी ऑटोत घालवणे.

परित्यक्तेची अडचण आणखी वेगळी. योजनेच्या लेखी कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुले. टाकून गेलेल्या नवऱ्याच्या नावावर दुसरीकडे पक्के घर असेल, तर कायद्याने अजून त्याची बायको असलेल्या तिला आपण वेगळ्या आहोत हे सिद्ध करत बसावे लागते. विधवा आणि एकल महिलांना प्राधान्य देण्याचे नव्या टप्प्यात म्हटले आहे. ते खरे करायचे तर हे सिद्ध करण्याचे ओझे तिच्यावरून उतरले पाहिजे.

सरकारकडून हे सगळे मागायचेच. तोवर या शहरातल्या दात्यांनी काय करायचे, हा प्रश्न आम्ही आज मुद्दाम विचारतो आहोत. कमलाताई होस्पेट यांनी १९२१ मध्ये इथे मातृसेवा संघ उभा केला तो लोकांच्या मदतीच्या बळावर. कंपनी कायदा २०१३ नुसार मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात, आणि त्या कामांच्या यादीत महिलांसाठी निवारे व वसतिगृहे आहेत, झोपडपट्टी भागाचा विकासही आहे. विदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये झालेल्या बदलानंतर मोठ्या संस्थेला तो पैसा छोट्या संस्थेकडे वळवता येत नाही. त्यामुळे वस्तीत काम करणाऱ्या लहान संस्थांना आता इथल्याच पैशाचा आधार आहे. तो पैसा शिलाई यंत्रे, दप्तरे आणि ब्लँकेटे यांत जातो. त्याही वस्तू लागतात. पण कुणाचे जोते भरून दिले तर त्यावर फलक लावता येत नाही, आणि म्हणूनच तिकडे कुणी वळत नाही, असे आम्हाला वाटते.

गरज आहे ती फिरत्या निधीची. मंजुरीपत्र हाती असलेल्या बाईला एक लाख बिनव्याजी द्यायचे, सरकारी हप्ता जमा झाला की ते परत घेऊन पुढच्या बाईला द्यायचे. एक कोटीत एका वेळी शंभर घरे चालू राहतात. विधवा आणि परित्यक्ता यांच्याकडून मात्र परतफेड मागू नये, त्यांना स्लॅबपुरती थेट मदतच द्यावी. कुठले घर कोणत्या टप्प्यावर आणि किती दिवस अडले आहे, याची झोननिहाय यादी महापालिकेने उघडी करावी, म्हणजे देणाऱ्याला दार सापडेल.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नाग नदीचे पाणी घराघरांत शिरले, तेव्हा कुडाच्या आणि टिनाच्या घरांतले धान्यही राहिले नाही. मृग ७ जूनच्या सुमारास लागतो. त्याआधी सेंट्रिंग निघायचे तर स्लॅब एप्रिलच्या शेवटी पडला पाहिजे, भिंती मार्चमध्ये चढल्या पाहिजेत आणि जोते जानेवारीत भरले पाहिजे. म्हणजे पहिला पैसा तिच्या हातात दिवाळी सरता सरता पडायला हवा.