बंब घेऊन येतो तो कोण?



आपल्या मराठीत एक म्हण आहे : आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. म्हणजे आग लागली एका ठिकाणी आणि ती विझवायची धावपळ मात्र भलत्याच ठिकाणी. ही म्हण इथल्या मुलांना सांगताना 'बंब' म्हणजे फायर इंजिन, हे आधी सांगावे लागते. पण त्यापुढचा प्रश्न आपण पालकही कधी स्वतःला विचारत नाही. आपल्या गावात तो बंब घेऊन येतो तो कोण? त्याला पगार कोण देते?

न्यू जर्सीतल्या अनेक लहान गावांत याचे उत्तर आहे : कुणीच नाही. हेल्मेट घालून येणारा माणूस दिवसा शाळेत शिकवतो, नळ दुरुस्त करतो किंवा दुकान चालवतो. तो स्वयंसेवक असतो.

आपल्याला हे चटकन सुचत नाही, याचे कारण आपण वाढलो त्या शहरांत आहे. मुंबईचे अग्निशमन दल १८८७ पासून महापालिकेकडे आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे बोटीवरचा दारूगोळा पेटून स्फोट झाला, त्यात या दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ भारतात १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळतात. ते जवान शूर होते यात शंकाच नाही. पण त्यामुळे 'बंब म्हणजे सरकारचा' असे आपल्या मनात पक्के बसले. इथे येताना तीच समजूत आपण सामानाबरोबर घेऊन आलो.

इथला इतिहास वेगळा आहे. तो पाहायचा असेल तर बर्लिंग्टन काउंटीतल्या माउंट हॉली या सुमारे १० हजार वस्तीच्या गावी जावे. रँकोकस क्रीकच्या काठी हे गाव आहे. १७५२ साली तिथल्या लोकांनी 'ब्रिटानिया' नावाचे अग्निशमन दल काढले. तेव्हा पुण्यात नानासाहेब पेशव्यांचा कारभार होता आणि पानिपताला अजून ९ वर्षे अवकाश होता. अमेरिका हा देशही जन्मला नव्हता, म्हणून तर नाव ब्रिटानिया! पुढे नाव बदलत बदलत 'रिलीफ' झाले. अखंड चालत आलेले देशातले सर्वांत जुने स्वयंसेवी दल, असा या दलाचा लौकिक आहे. त्यांची पहिली इमारत अजून जपून ठेवली आहे. इमारत कसली, अंगणातल्या खोलीएवढी ती! आजचा बंब तिच्या दारातूनही आत जाणार नाही.

ही कल्पना माउंट हॉलीला कुठून सुचली असेल, ते ओळखणे अवघड नाही. जवळच्याच फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिन आणि त्याच्या मित्रांनी १७३६ साली 'युनियन फायर कंपनी' काढली होती. सभासद ३० च. प्रत्येकाने स्वखर्चाने चामड्याच्या बादल्या आणि जाड कापडाच्या पिशव्या घरी तयार ठेवायच्या. बादल्या पाण्यासाठी, आणि पिशव्या जळत्या घरातले सामान भरून बाहेर काढण्यासाठी. महिन्याला सभा व्हायची आणि गैरहजर राहणाऱ्याला दंड व्हायचा. त्या दंडाच्या पैशातून शिड्या आणि बंब घेतले गेले.

आग लागली की माणसे विहिरीपासून घरापर्यंत दोन रांगा करायची. एका रांगेतून भरलेल्या बादल्या पुढे जायच्या आणि दुसरीतून रिकाम्या मागे यायच्या. रिकाम्या बादल्या हलक्या, म्हणून त्या रांगेत मुलेसुद्धा उभी राहू शकत. बालमित्रांनो, हे लक्षात ठेवा : प्रत्येकाला झेपेल असे काम त्या रांगेत होते.

मात्र या इतिहासात सगळेच गोड नाही. एकोणिसाव्या शतकात फिलाडेल्फियातली दले आपापसांत भांडू लागली. आग विझवण्याआधी रस्त्यात मारामाऱ्या होत. शेवटी १८७१ साली त्या शहराने पगारी दल नेमले. त्याआधी १८१८ मध्ये तिथल्या कृष्णवर्णीय नागरिकांनी स्वतःचे दल काढायचे ठरवले, तेव्हा गोऱ्या दलांनी इतका विरोध केला की तो बेत सोडून द्यावा लागला. म्हणजे आग विझवायला हात हवे होते, पण कुणाचे हात, हेही पाहिले जात होते.

हे मुद्दाम लिहितो आहे. आपल्यातले काही जण म्हणतात, "ती त्यांची संस्था, पिढ्यान्‌पिढ्या त्याच घरांतली माणसे असतात, आपण तिथे काय करणार?" एके काळी लोकांना दारातूनच परत पाठवले जात होते. आज बहुतेक फायर हाउसच्या बाहेर 'स्वयंसेवक पाहिजेत' अशी पाटी असते. दार उघडे असताना आपणच बाहेर उभे राहिलो, तर तो दोष दाराचा नाही.

आणि माणसांची गरज खरीच आहे. नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनच्या आकडेवारीनुसार १९८४ साली या देशात सुमारे ९ लाख स्वयंसेवक अग्निशामक होते. २०२० साली ते सुमारे ६ लाख ७७ हजार उरले. या काळात देशाची वस्ती मात्र साडेतेवीस कोटींवरून तेहतीस कोटींवर गेली. तरीही देशातल्या दर १०० अग्निशामकांपैकी ६५ जण स्वयंसेवकच आहेत. लोक नोकरीसाठी लांब जातात, नवरा-बायको दोघेही कामावर असतात, प्रशिक्षणाचे तास वाढले आहेत आणि बोलावणीही वाढली आहेत. त्यातली पुष्कळ बोलावणी आगीची नसतातच. आपल्या घरातल्या खमंग फोडणीने अलार्म वाजला, तरी कुणीतरी हातातला घास टाकून निघतो!

माझे म्हणणे स्पष्ट आहे. आपण या गावांत घरे घेतो ती शाळा चांगल्या म्हणून, रस्ते शांत म्हणून. हे गाव ज्यांच्यामुळे निर्धास्त झोपते, त्या रांगेत आपल्या प्रत्येक कुटुंबाचा एक तरी हात असला पाहिजे. नाहीतर उद्या ही दले बंद पडतील. मग पगारी दल नेमावे लागेल आणि कर वाढला म्हणून आपणच कुरकुर करू. पैशाचेही एक वेळ सोडा. मुले 'आपले गाव' म्हणतात ते इथल्याच गावाला. त्या गावासाठी आईबाबांनी काही केलेले त्यांना दिसायला नको का?

"वेळ कुठे आहे?" हा प्रश्न खोटा नाही. शनिवार-रविवार मराठीचा वर्ग, तबला, पोहणे, वाणसामान यांत जातो. धुरात शिरण्याचे काम सर्वांना जमणारही नाही. त्याला शंभराहून जास्त तासांचे प्रशिक्षण लागते आणि त्यात धोकाही आहे. पण रिकाम्या बादल्यांची रांग आठवा. हिशेब ठेवायला, संगणक सांभाळायला, पॅनकेकच्या न्याहारीला वाढायला, वर्गणी गोळा करायलाही तिथे माणसे लागतात. आपल्यात हिशेबनीस आणि संगणकवाले काय कमी आहेत? आणि आपला हा वर्ग तरी कसा चालतो? शिक्षक बिनपगारी, खुर्च्या मांडणारे बिनपगारी, हा अंक फोटोकॉपी करणारेही बिनपगारी. स्वयंसेवेचे मोल आपल्याला कुणी शिकवायला नको.

म्हणून तीन सूचना करतो. ऑक्टोबरात फायर प्रिव्हेन्शन वीक असतो. १८७१ च्या शिकागोच्या मोठ्या आगीची आठवण म्हणून तो पाळतात. त्या आठवड्यात पुष्कळ फायर हाउस लोकांसाठी उघडी असतात, तेव्हा मुलांना घेऊन जा. मुलांनो, तिथल्या माणसांना विचारा की ते एरवी काय काम करतात. दुसरे, त्यांचे वर्गणीचे पत्र आले की जाहिरातीच्या कागदांबरोबर टाकून देऊ नका. तिसरे, घरातल्या एकाने तरी तिथे जाऊन "माझ्या जोगते काही काम आहे का?" एवढे विचारा.

तोपर्यंत घरातले काम घरातच करावे. स्मोक अलार्म दर महिन्याला वाजवून पाहा. कढईतले तेल पेटले तर त्यावर पाणी मुळीच ओतू नका. गॅस बंद करून वर झाकण ठेवा. दिवाळीत पणत्या पडद्यांपासून दूर लावा.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपले वाडवडील सांगत. माउंट हॉलीच्या लोकांनी ते १७५२ सालीच ओळखले होते.

— एक पालक