गुन्ह्याची नोंद शेवटच्या पानापर्यंत वाचा

निवडणूक लागली, पोलीस भरती निघाली किंवा सोयरीक जुळायची वेळ आली, की खान्देशात एकच कुजबुज सुरू होते : "त्याच्यावर काही केस आहे का?" मग कुणीतरी एफआयआरची प्रत मोबाइलवर फिरवतो आणि माणूस गुन्हेगार ठरतो. एफआयआर ही तपासाची सुरुवात असते, दोषाचा पुरावा नव्हे. एवढी साधी गोष्ट शिकलेसवरलेले लोकही विसरतात. त्याची किंमत कोण मोजतो? बहुतेक वेळा आपल्या वस्तीतले पोर.

तरीही नोंदी पाहता आल्या पाहिजेत. ७ सप्टेंबर २०१६ रोजी यूथ बार असोसिएशनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की एफआयआर २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावी. लैंगिक अत्याचार, दहशतवाद अशी संवेदनशील प्रकरणे त्यातून वगळली. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर जिल्हा, ठाणे आणि तारीख निवडून ती शोधता येते. फिर्यादीला तर प्रत फुकट मिळते. ती हातात पडल्याशिवाय ठाण्यातून उठू नये.

अटकेचेही तसेच आहे. डी. के. बसू प्रकरणात १९९६ साली न्यायालयाने पोलिसांवर बंधने घातली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३७ सांगते, की अटक झालेल्यांची नावे, पत्ते आणि गुन्ह्याचे स्वरूप यांची नोंद ठेवायला प्रत्येक ठाण्यात एक अधिकारी नेमलेला असावा आणि ती माहिती ठाण्यात व जिल्हा मुख्यालयात ठळकपणे लावावी. पण रात्री पोरगा उचलला की आईबाप या ठाण्यातून त्या ठाण्यात हेलपाटे घालतात. त्यांनी या कलमाचे नाव घेऊन यादी मागावी. भुसावळकडच्यांनी एक ध्यानात ठेवावे : रेल्वे हद्दीतले प्रकरण लोहमार्ग पोलिसांकडे असते, जिल्हा पोलिसांचे दप्तर वेगळे.

पुढचे सारे न्यायालयात. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराचे नाव, एफआयआर क्रमांक किंवा १६ अक्षरी सीएनआर क्रमांक टाकून खटला शोधता येतो. नावाने शोधताना मात्र सांभाळा. पाटील, सोनवणे, भालेराव, तायडे ही आडनावे आपल्याकडे गावोगाव आहेत. बापाचे नाव, गाव, ठाणे आणि वर्ष जुळल्याशिवाय कुणाकडे बोट दाखवू नका. इंग्रजी स्पेलिंगही दोनतीन तऱ्हेने टाकून पाहा.

आणि एकाच जिल्ह्यात शोधून थांबू नका. जळगावचे घरकुल प्रकरण घ्या. गुन्हा जळगावात २००६ साली नोंदला गेला, निकाल मात्र ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने दिला. ४८ जण दोषी ठरले. माजी मंत्री सुरेश जैन यांना ७ वर्षे, गुलाबराव देवकर यांना ५ वर्षे शिक्षा झाली. म्हणजे निकालासाठी धुळ्याचे दप्तर उघडावे लागते आणि अपिलासाठी उच्च न्यायालयाचे. पुढाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक सोय आहे. २००२ सालच्या निकालापासून उमेदवाराला आपल्यावरील खटले शपथपत्रात सांगावे लागतात. ते मतदानाआधी वाचावे, नंतर नव्हे.

खासगी माणसाची संपूर्ण कुंडली मात्र कुणालाही मिळत नाही आणि मिळूही नये. चारित्र्य पडताळणीचा दाखला ज्याचा त्यालाच मागता येतो. पैसे घेऊन "सगळे रेकॉर्ड काढून देतो" म्हणणाऱ्यापासून दूर राहा.

माझा आग्रह वेगळा आहे. दुसऱ्याआधी स्वतःची नोंद पाहा. भीमा कोरेगावच्या हल्ल्यानंतर ३ जानेवारी २०१८ च्या बंदमध्ये राज्यभर आपल्या तरुणांवर गुन्हे दाखल झाले. ते मागे घेण्याच्या घोषणाही झाल्या. पण घोषणेने खटला संपत नाही. सरकारी वकिलाने अर्ज करावा लागतो, न्यायालयाने संमती द्यावी लागते. पूर्वी हे कलम ३२१ होते, आता ३६० आहे. अनेक पोरे "केस गेली" समजून भरतीचा फॉर्म भरतात, "गुन्हा नाही" लिहितात आणि पडताळणीत अडकतात. गुन्हा असण्यापेक्षा तो लपवणे तिथे जास्त नडते. खरे लिहावे. अवतार सिंग प्रकरणात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे, की तरुणपणी घोषणा दिल्यासारखा किरकोळ गुन्हा लपवला गेला तरी नोकरी देणाऱ्याला तो माफ करता येतो. पण तो त्याच्या मर्जीचा प्रश्न. आपण कशाला त्याच्या दयेवर राहायचे?

पारधी वस्तीत तर गुन्हा घडण्याआधीच संशयित ठरलेला असतो. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला, नजर रद्द झाली नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता प्रकरणात न्यायालयाने तुरुंगाच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितले आणि विमुक्तांना मनमानी अटक करू नका असे पोलिसांना बजावले. हा निकाल प्रत्येक कार्यकर्त्याच्या पिशवीत असावा.

निर्दोष सुटला असाल तर न्यायालयाच्या नक्कल विभागातून निकालाची सही-शिक्क्याची नक्कल काढा. एक प्रत अर्जासोबत ठाण्यात द्या, पोच घ्या आणि ती पोच घरातल्या जातीच्या दाखल्याशेजारी ठेवा.